दोन एकर दहा गुंठे: एका गावपाहणीतून शिकवलेला संगणक

डिसेंबर २०२४ चा दुसरा आठवडा. प्रयोगशाळेतल्या १२ संगणकांपैकी ८ सुरू होते आणि त्या आठांवर २२ मुलंमुली दाटीवाटीनं बसली होती. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा वर्ग, विषय ग्रामीण विकास. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या, मांजरा नदीच्या अंगाच्या एका गावाची घरोघर पाहणी करून आम्ही आदल्याच आठवड्यात परतलो होतो. सगळी माहिती एक्सेलच्या एका शीटमध्ये आली होती. एका मुलीनं त्यात आपल्याच घराची ओळ शोधून काढली. ती त्याच गावची. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमचं रान कमी दाखवायलंय."

"किती दाखवतंय?"

"दोन पॉइंट एक."

"आणि आहे किती?"

"दोन एकर दहा गुंठं. मीच भरलंय, दोन पॉइंट दहा म्हणून."

एकराचे गुंठे ४०. दोन एकर दहा गुंठे म्हणजे सव्वादोन एकर, दशांशात २.२५. मुलीनं तोंडानं ऐकलं तसं २.१० लिहिलं, शीटनं शेवटचं शून्य गाळून २.१ केलं. त्यामुळं दोन एकर एक गुंठावाल्याची आणि तिची ओळ सारखीच झाली. एकानं अडीच एकर म्हणून २.५ लिहिलं होतं, दुसऱ्यानं दोन एकर पाच गुंठे म्हणूनही २.५ लिहिलं होतं. बेरजेत तर आणखी घोळ. दोन एकर तीस, एक एकर वीस आणि तीन एकर पंधरा गुंठे अशा तीन ओळी घ्या. शीट सांगते ६.६५. खरी बेरीज सात एकर पंचवीस गुंठे. तीन घरांत मिळून जवळजवळ एक एकर रान गेलं, आणि शीटवर कुठंही लाल खूण नाही, चूक दाखवणारा संदेश नाही. सूत्र बरोबर होतं. बेरीज करायला मीच शिकवलं होतं, पण बेरजेत काय जातंय ते शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही संगणक बंद केले आणि उरलेला तास फळ्यावर घेतला. गावअभ्यास करणाऱ्या मुलांना माहिती तंत्रज्ञान कसं शिकवावं, याबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते त्या तासापासून पुढच्या १ मेपर्यंत घडलं. म्हणून ते सगळं सविस्तर लिहिते आहे.

वर्ग काय घेऊन आला होता

या वर्गातल्या बहुतेकांकडे एमएस-सीआयटीचं, म्हणजे संगणकाच्या प्राथमिक ओळखीचं, प्रमाणपत्र होतं. २००१ साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम आज तालुक्याच्या गावातल्या गल्लीगल्लीत आहे. नोकरीच्या अर्जाला लागतो म्हणून मुलं बारावीच्या सुट्टीत तो करून टाकतात. अक्षर ठळक करणं, चौकटी एकत्र करून मथळा मधोमध घेणं, स्लाइडला रंग देणं हे सगळ्यांना येत होतं. आमच्या पाठ्यक्रमातही तेच पुन्हा होतं: संगणकाचे भाग, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. एक्सेल शिकवायला मी वर्षानुवर्षं एकच उदाहरण घेत आले होते. पाच विद्यार्थी, तीन विषय, एकूण गुण, टक्केवारी. त्या उदाहरणात गुंठा येत नाही, कुलूप लावलेलं घर येत नाही, एकाच सातबारावर चार भाऊ येत नाहीत. गुण शंभरापैकीच असतात. त्यामुळं शीटमध्ये आकडा टाकला की तो खरा, ही सवय मुलांना लागते. ती सवय मी लावली.

पण याच मुलांनी जुलै-ऑगस्टमध्ये काय केलं होतं? लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि गावोगाव मुली ओट्यावर मोबाइल घेऊन बसल्या. आई, काकू, शेजारच्या आजी, सगळ्यांचे अर्ज त्यांनीच भरले. आधारवरचं नाव आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव जुळत नाही, फोटो जास्त एमबीचा म्हणून चढत नाही, ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जातो आणि नवरा पुण्याला. ही कोडी त्या रोज सोडवत होत्या. वडिलांची ई-पीक पाहणीही हीच मुलं करतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, गट निवडायचा, क्षेत्र भरायचं. म्हणजे नोंदींची जुळणी, फाइलचा आकार, ओळख पटवणं, ठिकाणासकट फोटो, एवढं सगळं त्यांच्या हातात होतं. आमच्या पाठ्यक्रमाला याची दखल नव्हती. मी वर्गात विचारलं, तुम्हाला संगणकातलं काय येतं? उत्तर आलं, "काहीच नाही मॅडम, एमएस-सीआयटी झालंय फक्त."

म्हणून सप्टेंबरात आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी प्रश्न ठरवला, मग त्याला लागेल तेवढाच संगणक. प्रश्न मुलांनीच काढला: दिवाळीनंतर गावात कोणाच्या रानात पाणी असतं? सोयाबीन ऑक्टोबरात निघतं. ज्याच्या विहिरीला पाणी, तो हरभरा, ज्वारी, गहू करत गावात राहतो. ज्याला नाही, तो उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कोयत्यावर, ऊसतोडीला जातो. वर्गात दोन्हीकडची मुलं होती, त्यामुळं हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

ओळ म्हणजे चूल

शीटची एक ओळ म्हणजे काय, यावर दोन तास गेले, आणि त्यातलं एक मिनिटही वाया गेलं असं मला वाटत नाही. घर म्हणावं, तर एका वाड्यात तीन भाऊ राहतात. खातेदार म्हणावं, तर सातबारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. एका मुलानं सांगितलं, आमच्यात चूल वेगळी झाली की घर वेगळं. जनगणनाही कुटुंब ठरवताना एकत्र स्वयंपाकालाच धरते. मग ठरलं, एक ओळ म्हणजे एक चूल. चौकटी एकत्र करून तीन भावांवर एक आडनाव टाकायचं नाही. शीट दिसायला छान होते, पण तिची क्रमवारी लावता येत नाही.

मूळ यादीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ हवा होता, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. एक मुलगा तलाठ्याकडं जाऊन ८-अ घेऊन आला. आकडा एकच, पण कचेऱ्या दोन आणि कागदही दोन. एकात घरं, दुसऱ्यात जमिनीची खाती. तो दोनदा हेलपाटा घालून आला, पण पुढं आम्हाला दोन्ही कागद लागले, आणि वर्गाला दोन खात्यांतला फरक त्याच्यामुळंच कळला.

नमुना ८ ची जुनी फाइल मोबाइलवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली फाइल होती. त्या फॉन्टात मराठी अक्षराचं फक्त चित्र असतं, आत अक्षर इंग्रजीच. फॉन्ट नसला की चित्र जातं. रूपांतर करून घेतलं, तरी काही नावं जुळेनात. दोन्ही याद्यांत "बऱ्हाटे" होतं, पडद्यावर हुबेहूब सारखं, आणि जुळणीचं सूत्र म्हणत होतं, सापडत नाही. कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. अक्षरं मोजायचं सूत्र लावलं तेव्हा एका नावाची लांबी ७ आली, दुसऱ्याची ८. मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांना दिसणारं आणि मशीनला दिसणारं वेगळं असतं हे पाहिलं. त्यानंतर नावावर जुळणी बंद, घर क्रमांकावर सुरू.

फॉर्म कोबो टूलबॉक्स या पाहणीसाठीच्या साधनात केला. गूगल फॉर्म सगळ्यांना येत होता, पण माळावरच्या वस्तीत रेंज नाही. कोबोत माहिती मोबाइलमध्ये साठते आणि रेंजमध्ये आल्यावर चढते. तिथंही पहिल्या सरावात गट क्रमांकानं दगा दिला. गट ५/२ हा एक्सेलमध्ये टाकला की ५ फेब्रुवारी होतो, आणि दुसरीकडं चिकटवला की ४५३२७ असा आकडा दिसतो, कारण आत तारीख म्हणून दिवसांची मोजणी साठलेली असते. मागं जायला वाट नाही. त्या ४५३२७ कडं बघून तो गट होता की तारीख, हे कुणालाच सांगता येणार नाही. रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवायचा आणि मग टाइप करायचं, एवढाच उपाय. माझ्या माहितीत जमिनीवर काम करणारा एकही कारकून नाही ज्याचं हे कधी झालेलं नाही.

आणखी एक गोष्ट इथंच सांगते. पहिले चार तास संगणकापुढं मुलगे बसत होते आणि मुली वहीतून वाचून दाखवत होत्या. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं. मी दर अर्ध्या तासाला जागा बदलायला लावल्या. बर्‍याच मुलींची गती मुलांपेक्षा चांगली निघाली. लाडकी बहिणीचे अर्ज त्यांनीच भरले होते ना.

गुंठे

आता त्या फळ्यावरच्या तासाकडं येते. मी विचारलं, तुमच्या घरी रान कशात मोजतात? एकर, गुंठे सगळ्यांनी सांगितलं. मग एकजण म्हणाला, "आमचे आजोबा बॅगात सांगत्यात. चार बॅगाचं रान." सोयाबीनच्या बियाण्याची ३० किलोची बॅग साधारण एकराला लागते, म्हणून बॅग हेच माप. सातबारावर मात्र हेक्टर आणि आर. एका हेक्टरचे १०० आर, त्यामुळं तिथं दशांश बरोबर बसतो. मुलीचं दोन एकर दहा गुंठे हे सातबारावर साधारण ०.९१ असतं आणि त्याची बेरीज बिनघोर करता येते. म्हणूनच चूक इतके दिवस लपली. ज्यांनी सातबारा बघून हेक्टरात भरलं त्यांच्या ओळी बरोबर होत्या, ज्यांनी माणसाला विचारून भरलं त्यांच्या चुकल्या. म्हणजे माणसाशी नीट बोलणाऱ्या मुलांचं काम जास्त चुकलं. मला हे फार लागलं. पाहणीत आपण त्यांना तेच करायला सांगतो.

रकाना मोडला. एकरांचा वेगळा, गुंठ्यांचा वेगळा. गुंठ्यांत ० ते ३९ एवढंच घेता येईल असा नियम लावला, ४० टाकला की शीट अडवते. तिसऱ्या रकान्यात गुंठ्यांना ४० नं भागून एकरात मिळवायचं, चौथ्यात त्याला ०.४०४७ नं गुणून हेक्टर. हे चार रकाने करताना मुलांना नियम लावणं, सूत्र खाली ओढणं, चौकट गोठवणं हे सगळं आलं, आणि कशासाठी हे विचारावं लागलं नाही.

मग ८-अ वरच्या क्षेत्राशी ताळा. मोठा फरक येईल ती ओळ पिवळी. पिवळ्या ओळी पुष्कळ निघाल्या. मुलांचा पहिला हट्ट असा, की सरकारी आकडा खरा धरून आपला दुरुस्त करू. मी थांबवलं. परत जाऊन विचारा म्हटलं. परत गेल्यावर कळलं, की वाटणी तोंडी झालेली आहे आणि फेरफार अजून घेतलेला नाही. कुठं बहिणींची नावं कागदावर आहेत आणि रान भाऊ कसतो. कुठं दोन एकर बटईनं केलेलं आहे, ते कागदावर येतच नाही. पिवळी ओळ पुसली नाही. तिच्याशेजारी "कारण" नावाचा रकाना घातला. ग्रामीण विकासाच्या पुस्तकात भूधारणेवरचं प्रकरण असतं. या वर्गानं ते त्या रकान्यातून वाचलं.

कुलूप

गावात आम्ही उशिरा पोचलो होतो. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, तोवर कुणी बोलायला तयार नव्हतं. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर डिसेंबरात लागलं. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या होत्या. जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या घरांना कुलूप.

शीटमध्ये या घरांचं काय झालं होतं, ते पाहण्यासारखं होतं. कुणी शून्य टाकलं होतं. कुणी रेघ ओढली होती. कुणी चौकट रिकामी ठेवली होती. एकानं "ऊसतोड" असं लिहिलं होतं. आता सरासरी काढली की काय होतं? सरासरीचं सूत्र रिकामी चौकट वगळतं, शून्य मात्र मोजतं. म्हणजे एकाच गावाची जमीन कुणी काय टाइप केलं यावर कमीजास्त होणार. मी वर्गाकडून दोन्ही तऱ्हांनी काढून घेतलं. शून्य धरलं तर गाव होतं त्याहून भूमिहीन दिसायला लागलं. रिकामं धरलं तर गाव बागायतदारांचं दिसलं, निम्म्याहून जास्त चुलींना दिवाळीनंतर पाणी.

हा दुसरा आकडा दिसायला चांगला होता. अहवालात गेला असता तर कुणी बोललं नसतं, कारण विचारलेल्या प्रत्येकाचं उत्तर खरं होतं. पण कुलपं गावभर सारखी पसरलेली नव्हती. घर क्रमांक वस्तीनुसार लावले तेव्हा ती बहुतेक तांड्यावर आणि माळावरच्या वस्तीत निघाली. पाणी नसलेलेच गेलेले होते. आम्ही पाण्याची पाहणी पाणी असलेल्यांत केली होती.

ज्यानं "ऊसतोड" लिहिलं होतं तो मुलगा त्याच माळावरचा. आपल्याच घराच्या ओळीत त्यानं ते लिहिलं होतं. तो वसतिगृहात राहतो, आईवडील कारखान्यावर. मी म्हटलं, तुझ्या घराची माहिती तर तुला असेल. म्हणाला, "नाही मॅडम, काका बघतेत सगळं."

मग सगळ्यांनी ठरवलं, फोन करायचे. दिवसा फोन लागत नाहीत, टोळी उसाच्या फडात असते. गाडी भरून झाली, कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर आले, की मग. त्यानं वर्गातूनच संध्याकाळी उशिरा आईला लावला, स्पीकरवर. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"आई, आपलं रान किती हाय?"

"तुला ठावं न्हाई व्हय? एक एकर बारा गुंठं. कशाला इचारतूस?"

"कॉलेजात लिहायचंय."

"मग लिही की. पाणी न्हाई म्हणून बी लिही."

फोन कमी वेळात संपावा म्हणून मी फॉर्म पाच प्रश्नांवर आणला होता: किती जण गेलात, रान किती, विहीर किंवा बोअर आहे का, गावी कोण आहे, कधी परतणार. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं, हा मूळ फॉर्ममधला प्रश्न मी काढून टाकला. त्या मुलानं "विहीर आहे का" पुढं "आहे" निवडलं, कारण सातबारावर सामाईक विहिरीत त्यांचा चार आणे हिस्सा लागलेला होता. आईचं शेवटचं वाक्य लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. ही चूक माझी, आणि ती मला मे महिन्यात कळली.

दोन आठवड्यांत बहुतेक कुलपांमागची माणसं फोनवर सापडली. जी सापडली नाहीत त्यांच्यासाठी आम्ही एक शब्द ठरवला, "संपर्क नाही". शून्य वेगळं, रिकामं वेगळं, हे वेगळं. सरासरी खाली आली.

नकाशा, थोडक्यात

विहिरी नकाशावर घ्यायच्या होत्या. घरं घेऊन बघितली, पण मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडंतिकडं होतं आणि दाट वस्तीत घरावर घर चढलं. विहिरी लांब लांब असतात, त्यांना चाललं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आमच्या जुन्या संगणकांवर ते चालायला वेळ घ्यायचं इतकंच. एक विहीर गावातून नाहीशी झाली होती. नकाशा लहान करत गेलो तर ती नॉर्वेच्याही वर, आर्क्टिक समुद्रात होती. अक्षांश आणि रेखांश उलटे टाकले गेले होते. केजचा अक्षांश १८ च्या पुढं, रेखांश ७६ च्या आसपास. उलटं केलं की बर्फात. भूगोलाच्या तासाला अक्षांश शिकलेल्या मुलांना तो त्या दिवशी समजला.

ग्रामसभा

२६ जानेवारीची ग्रामसभा. प्रोजेक्टर नेला नाही, वीज जाणारच हे धरून मोठे कागद नेले. प्रत्येक वस्तीचा एक पट्टा, दिवाळीनंतर पाणी असलेल्या आणि नसलेल्या चुली. नावं नाहीत.

नावं काढण्याचाही एक धडा झाला होता. डिसेंबरात पूर्ण शीट, मोबाइल नंबरांसकट, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली होती. मी दोन दिवसांनी पाहिलं. सगळ्यांकडून पुसून घेतली आणि पुढं दोन फायली केल्या. एकीत घर क्रमांक आणि उत्तरं, दुसरीत घर क्रमांक, नाव आणि नंबर, आणि ती फक्त माझ्याकडं. कोण किती महिने गावाबाहेर असतं, कुणाचं घर बंद असतं, ही यादी चुकीच्या हातात गेली तर काय होईल हे मुलांना लगेच कळलं. ग्रामसभेनंतर गावातल्या एकानं फोन नंबरांची यादी मागितलीच. मुलांनी दिली नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, तो आम्ही वर्गात वाचला होता. पण त्यांनी कारण सांगितलं ते असं: "लोकांनी आम्हाला सांगितलंय, तुम्हाला नाही."

सभेत वाद झाला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं नकाशावर बोट ठेवून सांगितलं, ही विहीर ओढ्याच्या अल्याड आहे, पल्याड दाखवलीय. तपासलं, बरोबर होतं, बिंदू काढणारा मुलगा ओढा ओलांडून सावलीत उभा होता. माळावरच्या वस्तीचा पट्टा पाहून कुणीतरी म्हणालं, तिथलं कोण सांगणार, सगळे गेलेत. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात. तेवढे जमले होते. ते गावात राहिलेल्यांतूनच जमले होते. मुलांनी वहीत हे लिहून घेतलं, आणि १ मेच्या ग्रामसभेला पुन्हा यायचं ठरवलं, टोळ्या परतल्यावर.

परीक्षेत या सगळ्यातलं काही आलं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हा प्रश्न आला, मुलांनी लिहिला. माझ्या हातातल्या अंतर्गत गुणांसाठी मी एकच काम दिलं: दुसऱ्या गटाच्या शीटमधल्या चुका शोधा आणि प्रत्येक चूक गावात कुठून आली ते लिहा. दोघाजणींनी परसाचा रकाना पकडला. विहिरीची खोली कुणी फुटात सांगितली होती, कुणी परस या जुन्या मापात, आणि आकडे एकाखाली एक पडले होते. एका परसाचे फूट किती, यावर दोघींच्या घरी दोन मतं निघाली. त्यांनी दोन्ही लिहून आणली आणि रकान्याशेजारी मापाचा रकाना मागितला. मला त्यांची वही अजून जपून ठेवावीशी वाटते.

१ मे

मेमध्ये माळावरच्या वस्तीत माणसं होती. कागद पुन्हा लावले. तो मुलगा आईला घेऊन आला. ती कागदापाशी थांबली नाही, तिला आपली ओळ बघायची होती. आपली ओळ आपल्याला दाखवायची, असं आमचं ठरलेलं होतं. त्यानं मोबाइलवर घर क्रमांक टाकून वाचून दाखवलं. एकर एक, गुंठे बारा. विहीर, आहे.

"विहीर हाय म्हणून लिवलंस?"

"सातबाराला हाय की आपली चार आणे."

"सातबाराला हाय. पाणी न्हाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मूळ फॉर्ममधला प्रश्न परत घे. त्यानं महिन्यांचा रकाना उघडला, जानेवारी ते डिसेंबरची यादी खाली पडली.

"आई, पाणी कधीपर्यंत असतंय?"

"दिवाळीला असतंय. येळवसंला तळ दिसतो."

दिवाळी १ नोव्हेंबरला होती, येळवस म्हणजे वेळ अमावस्या ३० डिसेंबरला. तो यादीवर बोट वरखाली करत राहिला. "मग नोव्हेंबर लिहू का डिसेंबर?"

"ती म्हैने मला कशाला इचारतूस? येळवस लिही."

यादीत येळवस नव्हती. त्यानं शेजारच्या "कारण" रकान्यात ती टाइप केली, आणि त्या संध्याकाळी आम्ही फोनवरून भरलेल्या बाकीच्या ओळी काढून बसलो.